वाचकांचे प्रश्न : विमानातलं पाणी

गेल्या अंकात प्रवासाविषयी लिहिताना मी एक वाक्य ओघात लिहून गेले होते : 'विमानातला चहा मी घेते, पण टॉयलेटमधल्या नळाचं पाणी तोंडात घेत नाही.' त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं पाण्यालाच दिलं आहे. मी सव्वीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, त्यातली बहुतेक गॅलीच्या कामावर. गॅली म्हणजे विमानातलं ते चिंचोळं स्वयंपाकघर, जिथून चहाची आणि जेवणाची गाडी निघते. इंजिनाबद्दल, पंखांबद्दल लोक भरभरून विचारतात. पाण्याच्या लाइनीबद्दल मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ही पत्रं वाचताना मनापासून बरं वाटलं.

प्रश्न : ताई, मी पंचाहत्तरीचा आहे. मुलीकडे जाताना लांबचा विमानप्रवास होतो. तुमचं वाक्य वाचल्यापासून चहाचा कप हातात आला की मनात पाल चुकचुकते. हे पाणी येतं कुठून? आणि ते प्यावं की नाही?

काका, गरम चहा निर्धास्त प्या. गार पाणी हवं असेल तर सीलबंद बाटलीतलं मागून घ्या. आता कारण सांगते.

विमान जमिनीवर उभं असताना पाण्याची गाडी त्याच्या पोटाखाली येते. तिथे वहीएवढं एक झाकण असतं, त्याला सर्व्हिस पॅनेल म्हणतात. ते उघडलं की आत पाणी भरण्याचं तोंड, व्हॉल्व्हची मूठ आणि टाकी किती भरली ते दाखवणारा काटा किंवा दिवे दिसतात. गाडीची नळी त्या तोंडाला जोडायची, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी वर चढवायचं. एअरबस ए-320 सारख्या विमानात ही टाकी साधारण 200 लिटरची असते. 180 प्रवासी धरले तर माणशी लिटरभरापेक्षा थोडं जास्त. त्यातच हात धुणं, चहा, कॉफी आणि टॉयलेटचा फ्लश. फ्लश हवेच्या ओढीने होतो, पाणी लागतं ते पेलाभर, म्हणून एवढ्यात भागतं.

टाकीतून निघालेली लाइन पुढे फुटते. एक फाटा गॅलीत जातो, दुसरा टॉयलेटमध्ये. पाणी एकाच टाकीतलं, पण दोन ठिकाणी त्याचं नशीब वेगळं. गॅलीत शिरताना बहुतेक विमानांत ते कार्बनच्या फिल्टरमधून जातं आणि मग बॉयलरमध्ये किंवा कॉफी मेकरमध्ये 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, तापलेलं राहतं. पोट बिघडवणारे बहुतेक जंतू 70 अंशांच्या वर फार वेळ तग धरत नाहीत. टॉयलेटच्या नळाला हे काहीच मिळत नाही. त्या नळाच्या तोंडाला दिवसभर शेकडो हात लागतात, बेसिन एवढंसं असल्यामुळे पाण्याचे शिंतोडे पुन्हा नळावर उडतात. म्हणूनच तिथे 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी किंवा चित्र लावलेलं असतं. ती पाटी खरी माना. दात घासायलाही बाटलीतलंच पाणी घ्या.

फिल्टरबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दोघातिघांनी 'फिल्टर आहे म्हणजे झालं ना?' असं लिहिलंय. कार्बनचा फिल्टर पाण्यातला क्लोरीनचा वास आणि चव काढून घेतो, म्हणून चहा बरा लागतो. पण क्लोरीन हाच पाण्याचा राखणदार. फिल्टरच्या पुढचं पाणी त्या राखणदाराशिवाय उभं असतं. म्हणून फिल्टरचा कार्ट्रिज ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. मुदत उलटून गेलेला एक कार्ट्रिज मी उघडला होता. बाहेरून अगदी नवा दिसत होता. आतून बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत थर आला. तो वास मला अजून आठवतो, पावसात भिजून पडून राहिलेल्या गोणपाटासारखा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. टाकी विमानाच्या पोटात आणि नळ वर केबिनमध्ये, मग पाणी वर चढतं कसं? आमच्या पुस्तकात तर पाणी उंचीवरून खाली येतं.

छान प्रश्न विचारलास. तुझं पुस्तक बरोबर आहे. दहा मीटर उंचीवर टाकी ठेवली की खालच्या नळाला साधारण एक बार दाब मिळतो. विमानात उंचीवर टाकी ठेवायला जागा नाही आणि दोनशे किलो पाणी डोक्यावर टांगणं वजनाच्या दृष्टीनेही बरं नाही. म्हणून उंचीचं काम हवेकडून करून घेतात.

टाकी सगळ्या बाजूंनी बंद असते. पाण्यावर जी रिकामी जागा उरते तिच्यात दाबाची हवा सोडतात. पुष्कळ विमानांत ही हवा इंजिनातून काढून घेतलेली असते, गाळून आणि दाब कमी करून. इंजिन बंद असताना छोटा कंप्रेसर तेच काम करतो. बोईंग 787 सारख्या विमानांत केबिनसाठी इंजिनातली हवा घेतच नाहीत, तिथे हे काम विजेवर होतं. दाब साधारण 25 पीएसआय ठेवतात. बारमध्ये सांगायचं तर 1.7 च्या आसपास. आता तूच गणित कर, किती मीटर उंच टाकीएवढं झालं ते. सतराच्या जवळपास उत्तर आलं तर बरोबर. या दाबामुळे हवा पाण्याला वरून ढकलते आणि पाणी पाइपातून गॅलीपर्यंत जातं. तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीला भोक पाडून वरून दाबलं की पाणी कसं उडतं, तसंच.

दाब जास्त झाला तर सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. आणि टाकीची सफाई करायची असेल तर आधी हा दाब घालवावा लागतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचे : झाकण उघडण्याआधी काटा शून्यावर आलेला डोळ्याने बघ, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस.

प्रश्न : विमानातला चहा कायम फिका का? पावडर कमी घालतात का?

पावडरीचा दोष नाही. उंचावर केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, जास्तीत जास्त 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका. त्या दाबाला पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यापुढे कितीही वीज घाला, तापमान चढत नाही, नुसती वाफ होते. काळ्या चहाला याहून गरम पाणी हवं असतं. शिवाय केबिनची हवा कोरडी, नाक सुकतं आणि चवही मंदावते. पिशवी कपात जरा जास्त वेळ बुडवून ठेवा आणि कपावर झाकण ठेवा, फरक पडेल.

प्रश्न : तुमचं मागचं वाक्य मला बेजबाबदार वाटलं. विमान कंपन्यांना नियम असतात, तपासण्या असतात. लोकांना उगाच घाबरवून काय मिळतं?

तुमचा राग मी समजू शकते. मी त्याच क्षेत्रात वाढले, मलाही तिथल्या माणसांबद्दल आदर आहे. नियम आहेत आणि चांगले आहेत. पण ते का करावे लागले हेही सांगायला हवं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2004 मध्ये 327 प्रवासी विमानांतलं पाणी तपासलं. त्यातल्या साधारण 15 टक्के विमानांत कोलिफॉर्म जिवाणू सापडले. कोलिफॉर्म सापडला म्हणजे लगेच कुणी आजारी पडतं असं नाही, पण पाण्याच्या वाटेत कुठेतरी घाणीला दार उघडं आहे, एवढं त्यावरून कळतं. त्यानंतर 2009 मध्ये त्यांनी विमानांच्या पाण्यासाठी स्वतंत्र नियम काढला, 2011 पासून तो पाळणं बंधनकारक झालं. त्याची रचना मला फार आवडते. जी कंपनी विमानाची पाण्याची यंत्रणा वर्षातून चार वेळा निर्जंतुक करून धुते, तिने वर्षातून एकदा नमुना तपासायचा. तीन वेळा धुणारीने वर्षातून दोन वेळा, दोन वेळा धुणारीने चार वेळा, आणि एकदाच धुणारीने दर महिन्याला. म्हणजे साफसफाईत कमी पडाल तर तपासणीने पाठ धरायची. नमुनेही दोन घ्यायचे, शंभर शंभर मिलिलिटरचे, एक गॅलीतून आणि एक टॉयलेटमधून. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, सापडला तर चोवीस तासांच्या आत प्रवाशांना ते पाणी मिळणं बंद झालं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेचीही विमानांतल्या स्वच्छतेची मार्गदर्शिका आहे, तिची तिसरी आवृत्ती 2009 ची. तिचा सगळा भर एका साखळीवर आहे : पाण्याचा स्रोत, विमानतळावरची पाइपलाइन, पाण्याची गाडी, विमानात भरण्याची जागा आणि शेवटी विमानातली टाकी आणि नळ. यातली एक कडी कच्ची असली की बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

माझ्या अनुभवात सगळ्यात कच्ची कडी म्हणजे गाडी आणि विमान यांच्यामधली ती दोन-तीन मीटर नळी. ऐका.

एका रात्री मी विमानाच्या मागच्या चाकाजवळ उभी होते. बऱ्याच विमानांत पाणी भरायचं पॅनेल आणि टॉयलेटचा मैला काढायचं पॅनेल ही दोन्ही मागच्या पोटालाच असतात, काही पावलांच्या अंतरावर. म्हणूनच नियम आहे की पाण्याची गाडी आणि मैल्याची गाडी एका वेळी शेजारी लावायची नाही आणि दोन्ही कामं एका माणसाने करायची नाहीत. त्या रात्री माणसं कमी होती. एका पोराने मैल्याचं काम आटोपलं, तेच हातमोजे घालून पाण्याची नळी ओढली आणि व्हॉल्व्ह उघडायला वर हात घालताना नळीचं तोंड खाली सोडलं. ते तोंड जिथे पडलं तिथे निळसर ओल होती. मैल्याच्या टाकीत घालायचं रसायन त्या रंगाचं असतं. मी ओरडेपर्यंत नळी जोडून झाली होती आणि काटा निम्म्यावर गेला होता.

मी टाकी रिकामी करायला सांगितली. मग सगळी यंत्रणा निर्जंतुक करायची ठरली. हे काम झटपट होत नाही. फिल्टर काढून ठेवायचे, नाहीतर ते क्लोरीन खाऊन टाकतात. टाकीत लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन येईल इतकं द्रावण घालून पाणी भरायचं. मग विमानातला एकेक नळ उघडायचा, पुढच्या टॉयलेटपासून मागच्या गॅलीपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी क्लोरीनचा वास येईपर्यंत वाहू द्यायचं. तासभर तसंच ठेवायचं. मग सगळं ओतून द्यायचं, स्वच्छ पाण्याने भरायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा भरायचं, शेवटी नळातलं क्लोरीन मोजायचं. ते विमान त्या पहाटे गेलं नाही, दुसरं लावावं लागलं. त्या कंपनीच्या ड्यूटी मॅनेजरने मला विचारलं, 'मोज्याचा एक डाग कुणी बघितला असता?' मी म्हटलं, मी बघितला.

तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की पाण्याची नळी हे खायच्या ताटासारखं काम आहे. मी लोकांना घाबरवत नाही. पाणी भरणाऱ्या त्या हातांना पुरेशी माणसं, पुरेसा वेळ आणि स्वच्छ मोजे मिळायला हवेत, आणि ते मिळत नसतील तर बोललं पाहिजे.

प्रश्न : गॅलीतल्या सिंकमध्ये ओतलेलं पाणी कुठे जातं? हवेत सोडून देतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. टॉयलेटचा मैला आत टाकीतच राहतो, तो जमिनीवर आल्यावरच काढतात. पण हात धुतल्याचं आणि गॅलीच्या सिंकचं पाणी बहुतेक विमानांत बाहेर सोडतात. विमानाच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक छोटा दांडा बाहेर आलेला असतो, त्याला ड्रेन मास्ट म्हणतात. केबिनमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे पाणी आपोआप ढकललं जातं. सिंकची झडप उघडल्यावर ऐकू येणारा सुस्कारा त्याचाच. बाहेर उणे 50 अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून त्या दांड्याला विजेचा हीटर बसवलेला असतो. नाहीतर तोंडाशीच बर्फाचा गोळा तयार होईल. पोटातल्या पाण्याच्या पाइपांनाही जिथे थंडी लागते तिथे हीटरच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. थंड हवेत रात्रभर विमान उभं ठेवायचं असेल तर सगळं पाणी काढून टाकतात, कारण गोठलेलं पाणी फुगून पाइप फोडतं.

मात्र या सिंकमध्ये काहीही ओतून चालत नाही. दूध, रस, चहाचा चोथा, कॉफीची पूड यांनी ड्रेनची लाइन आतून चिकट होत जाते. लाइन काढून बघितली तर आत भिंतीला करड्या सायीसारखा थर असतो आणि मधे फक्त पेन्सिलीएवढं भोक उरलेलं. ती तुंबली की पाणी उलटतं, सिंकमधून फरशीवर आणि फरशीखाली. गॅलीच्या फरशीखाली काय आहे ते विसरून चालत नाही. 7 जानेवारी 2008 रोजी लंडनहून येणारं एक बोईंग 747-400 बँकॉकला उतरत असताना त्याची बरीचशी विद्युत यंत्रणा बंद पडली. गॅलीच्या ड्रेनमधून उलटलेलं पाणी खालच्या उपकरणांच्या कप्प्यात पाझरलं होतं. त्या कप्प्यावरच्या संरक्षक पत्र्यालाही भेगा होत्या. वैमानिकांनी बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांच्या आधाराने विमान सुखरूप उतरवलं, कुणाला इजा झाली नाही. पण तेव्हापासून मी गॅलीच्या ओल्या फरशीकडे कधीच 'पुसून टाका' एवढ्यावर बघितलं नाही. ओल कुठून आली ते सापडेपर्यंत खाली बसून शोधायचं.

प्रश्न : माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. विमानात पावडरचं दूध बनवायला गॅलीतलं गरम पाणी मागितलं तर चालेल का?

घरून उकळून गार केलेलं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये न्या. बाळाच्या दुधासाठी नेत असल्याचं सुरक्षा तपासणीत आधीच सांगा, बहुतेक ठिकाणी त्याला सवलत असते. पाणी संपलं तर सीलबंद बाटलीतलं पाणी मागा आणि ती बाटली गॅलीतल्या गरम पाण्याच्या भांड्यात उभी धरून कोमट करून द्यायला सांगा. थेट गॅलीच्या नळाचं कोमट पाणी मात्र घेऊ नका. कोमट म्हणजे एक तर ते पुरेसं तापलेलं नाही, किंवा तापून गार झालंय आणि कशात गार झालं ते आपल्याला माहीत नाही. मोठ्या माणसाचं पोट सोसतं, बाळाचं नाही. सांगायला संकोच करू नका, केबिन क्रूला हे रोजचं असतं.

प्रश्न : मी नुकतीच केबिन क्रूमध्ये लागले आहे. पहिल्या आठवड्यातच कॉफी मेकरवर 'पाणी नाही' असा दिवा लागला. पॅनेलवर टाकी भरलेली दिसत होती. सीनियरने दोन-तीनदा बंद-चालू केलं आणि सोडून दिलं. मी काय करायला हवं होतं?

तुझ्या जागी मी आधी गॅलीचा शट-ऑफ व्हॉल्व्ह बघितला असता. सिंकच्या आसपास किंवा कपाटाच्या वर एक छोटी मूठ असते. साफसफाईवाल्यांनी ती बंद करून तशीच ठेवलेली असते, हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय.

मूठ उघडी असेल तर लाइनमध्ये हवा अडकली असण्याची शक्यता मोठी. टाकी रिकामी करून नव्याने भरली की पाइपात हवा राहते आणि ती पाण्याची वाट अडवून बसते. गरम पाण्याचा नळ उघडून भांडं धर. आधी फुसफुस होईल, मग तुटक तुटक पाणी, मग सलग धार. सलग धार येईपर्यंत हीटर चालू करायचा नाही. कोरडा हीटर तापला की काही क्षणांत जळतो आणि त्या विमानाला त्या दिवशी कॉफी मिळत नाही. तुझ्या सीनियरने बंद-चालू केलं तिथे हा धोका होता, हे तिला एकटीला गाठून, नम्रपणे सांग.

तिसरी गोष्ट क्रूने हात लावायची नाही, पण माहीत असू दे. कॉफी मेकर हे कप्प्यात सरकवून बसवलेलं यंत्र आहे, त्याच्या पाठीमागे पाण्याची आणि विजेची जोडणी आपोआप बसते. ते शेवटचं बोटभर आत सरकलं नाही तर वीज मिळते आणि पाणी मिळत नाही. एका विमानात मी असं यंत्र तीन वेळा तपासून 'चांगलं आहे' म्हणून परत लावलं होतं. चौथ्यांदा बॅटरी घेऊन आतल्या जोडणीच्या तोंडात बघितलं. तिथे अंड्याच्या कवचाएवढ्या जाडीचा क्षाराचा पांढरा तुकडा अडकला होता, त्यामुळे जोडणी पूर्ण बसत नव्हती. नखाने काढला आणि यंत्र 'खट्' आवाज करून जागेवर बसलं. त्यानंतर मी प्रत्येक यंत्र बसवताना तो 'खट्' कान देऊन ऐकायला लागले. तुलाही कप्प्याची कडी लावताना आवाज आला नाही तर लॉगबुकात लिही. 'कॉफी मेकर खराब' एवढंच लिहू नकोस. दिवा कधी लागला, मूठ उघडी होती का, नळाला धार होती का, हे लिहिलंस तर रात्री येणाऱ्या माणसाचा तासभर वाचतो.

प्रश्न : ताई, मी विमानात पाणी भरायचं काम करतो. तुमचं वाक्य वाचून बायकोने मला विचारलं, 'ते पाणी तुम्हीच भरता ना?' मला वाईट वाटलं. आमच्या गाडीच्या नळीचं झाकण कधीचं तुटलंय. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, 'पाणीच जातंय ना, दूध नाही.' मी माझ्या परीने काय करू शकतो?

भाऊ, तुमच्या पत्रासाठी मी हे सदर लिहिते. तुमच्या पत्नीला सांगा, त्या विमानातल्या प्रत्येक कपात तुमचं काम आहे आणि ते काम मोठं आहे.

झाकण येईपर्यंत एक स्वच्छ प्लास्टिकची पिशवी रोज नवी घ्या, नळीच्या तोंडावर घाला आणि रबराने बांधा. नळी गुंडाळताना तोंड आकड्यावर टांगा, जमिनीला टेकू देऊ नका. जोडायच्या आधी दोन-तीन बादल्या पाणी बाहेर सोडून द्या, नळीत रात्रभर उभं राहिलेलं पाणी निघून जाऊ दे. विमानाच्या तोंडावरचं झाकण काढलं की ते खिशात ठेवू नका, साखळीला लटकू द्या. त्या तोंडाच्या आत रबराची रिंग असते, तिच्याभोवती काळी बुरशी धरते. क्लोरीनच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कपड्याने ती रिंग गोल पुसा, तोच कपडा दुसऱ्या विमानाला वापरू नका. मैल्याच्या गाडीवर तुमची ड्यूटी लावली असेल त्या दिवशी पाण्याच्या गाडीला हात लावायला ठाम नकार द्या आणि तो नकार लिहून ठेवा.

तुमच्या गाडीत क्लोरीन तपासायची छोटी पेटी असेल. नळीच्या तोंडाशी पाणी घ्या, त्यात गोळी टाका, गुलाबी रंग आला पाहिजे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. रंग आलाच नाही तर ते पाणी भरू नका, मग गाडी कितीही घाईत असो. पेटी नसेल तर ती मागणं हे तुमच्या हक्कातलं आहे.

आणि साहेबांना तोंडी सांगणं पुरे झालं. एका कागदावर लिहा : तारीख, गाडीचा क्रमांक, 'नळीचं झाकण तुटलेलं आहे, बदलून मिळावं.' दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. सही द्यायला कुणी नाही म्हटलं तर तेही तारखेसकट तुमच्या प्रतीवर लिहून ठेवा. झाकण छोटी वस्तू आहे, पोच घेतलेल्या कागदावर ती लवकर येते. आली की मला दोन ओळी टाका.